ती दोन खोकी टाकू नका

वाचकाचं पत्र

आम्ही गेली कित्येक वर्षं ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये राहतो. माझ्या यजमानांनी २००१ मध्ये १९७९ची फोक्सवॅगन बीटल घेतली, टप मागे दुमडणारी, पिवळी. तिची सगळी कामं ते स्वतःच्या हाताने करत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता मुलाने मला फ्रीमाँटला बोलावलंय, घर विकायला काढलंय, ऑगस्टमध्ये निघायचं आहे. सगळे म्हणतात, गाडी इथेच विका, कॅलिफोर्नियात जुनी गाडी पास होत नाही. पण इथे तर तिच्या धुराची तपासणी कधी झाल्याचं मला आठवत नाही. तिच्यावर क्लासिकची नंबरप्लेट आहे, चालतेही छान. मग तिथे का नको? यांनी इंजिनात काही बदल करून कार्बुरेटर बसवला होता एवढं ठाऊक आहे. अॅटिकमध्ये त्यांच्या अक्षरात 'एफआय – बीटल' असं लिहिलेली दोन खोकी आहेत. शनिवारी गॅरेज सेल आहे, उरलेलं सगळं टाकून देणार आहोत. गाडी रविवारी मंडळात आणि भाजीला जाण्यापुरती वापरीन. न्यावी का?

उत्तर

ताई, नमस्कार.

बाकी सगळं नंतर वाचा. आधी ती दोन खोकी अॅटिकमधून खाली काढा आणि घरात, नजरेसमोर ठेवा. गॅरेज सेलच्या टेबलाच्या आसपाससुद्धा नकोत. माझा अंदाज बरोबर असेल, तर तुमच्या गाडीचं कॅलिफोर्नियातलं पासिंग त्या खोक्यांत आहे. 'एफआय' म्हणजे फ्युएल इंजेक्शन. तुमच्या यजमानांनी कंपनीचं इंजेक्शन काढून कार्बुरेटर बसवला, पण काढलेलं सामान फेकलं नाही, वर नाव घालून जपून ठेवलं. असं करणारी माणसं थोडी. बहुतेकांनी ते भंगारात घातलं, आणि आज त्याच गाड्यांचे नवे मालक एकेका सुट्या भागासाठी वणवण करताहेत.

आता तुमचा प्रश्न. टेक्सासात चालतं ते कॅलिफोर्नियात का चालत नाही?

टेक्सासात धुराची तपासणी मोठ्या शहरांभोवतालच्या मोजक्या काउंट्यांमध्येच होते. तुमची फोर्ट बेंड काउंटी त्यात आहे, पण तिथेही चोवीस वर्षांपर्यंतच्या गाड्याच तपासतात. त्याहून जुनी झाली की सुटली. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची ब्रेक, दिवे बघणारी वार्षिक तपासणीही टेक्सासने बंद केली. म्हणजे तुमच्या बीटलचं मागचं झाकण उघडून 'इथे कंपनीने काय बसवलं होतं आणि आज काय आहे' हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

कॅलिफोर्निया नेमका तोच प्रश्न विचारते. तिथे पेट्रोलच्या गाड्यांना सूट आहे ती १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना. १९७६ पासून पुढची गाडी कितीही म्हातारी होवो, दर दोन वर्षांनी तिचा स्मॉग चेक (तिथली धुराची तपासणी) होतो आणि बाहेरच्या राज्यातून आणून पहिल्यांदा नोंदवतानाही होतो. तुमची १९७९ची. चार वर्षांनी हुकली.

पूर्वी असं नव्हतं. तीस वर्षं झाली की गाडी आपोआप सुटायची, दरवर्षी ही सीमा एकेक वर्ष पुढे सरकायची. २००४ मध्ये कायदा बदलून ती १९७५वर गोठवली. नाहीतर तुमची बीटल केव्हाच सुटली असती. २०२५ मध्ये पस्तीस वर्षांवरच्या, संग्राहक म्हणून विमा उतरवलेल्या गाड्यांना पूर्ण सूट द्यावी असं एसबी ७१२ हे विधेयक आलं. अमेरिकन टीव्हीवरचे निवेदक 'जे लेनो' त्याच्यासाठी बोलायला स्वतः गेले होते, म्हणून त्याला लोक 'लेनोज लॉ' म्हणू लागले. राज्याच्या सिनेटमध्ये ते मंजूर झालं, दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे असेम्ब्लीच्या, समितीत अडकलं. 'होईल लवकरच कायदा, तोवर थांबा' असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर सामान बांधू नका.

आणि क्लासिकची नंबरप्लेट. टेक्सासची तर तिथे संपलीच, पण कॅलिफोर्नियाची ऐतिहासिक वाहनाची प्लेट घेतली तरीही स्मॉग चेक सुटत नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी लोक गाडी ट्रकवर चढवून आणतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात.

(ज्यांच्याकडे जुनी डिझेल मर्सिडीज आहे अशा वाचकांसाठी जाता जाता: डिझेलचा नियम वेगळा आहे. १९९७ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना स्मॉग चेक लागत नाही. तुमच्या बीटलला याचा काही उपयोग नाही.)

तुम्हाला हा नियम जाचक वाटत असेल. मलाही पहिली काही वर्षं वाटायचा. पण लॉस एंजेलिसमध्ये १९४०-५०च्या दशकांत दिवसाढवळ्या डोळे चुरचुरायचे, समोरचे डोंगर दिसायचे नाहीत, आणि हे नेमकं कशामुळे होतंय ते कुणाला कळत नव्हतं. कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट यांनी ते उलगडलं. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकमेकांवर क्रिया करतात आणि ओझोन तयार होतो. १९६७ मध्ये राज्याचं एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच. आज आपण फ्रीमाँटच्या टेकडीवरून पलीकडचा किनारा बघतो, त्यामागे हे सगळं आहे. जुन्या गाडीवर माझं प्रेम आहे आणि म्हणूनच ती नियमात बसवून चालवावी असं मला मनापासून वाटतं.

आता मुख्य गोष्ट. स्मॉग चेक म्हणजे आपल्या पीयूसीसारखं सायलेन्सरमध्ये नळी घालून आकडा बघणं, असं बहुतेकांना वाटतं. ते त्यातलं एकच अंग. १९७६ ते १९९९च्या गाडीला बे एरियामध्ये, म्हणजे फ्रीमाँटच्या भागात, रोलरवर चढवतात आणि ताशी १५ आणि २५ मैलांच्या वेगाने चालवून हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मोजतात. पण त्याशिवाय तपासनीस टॉर्च हातात घेऊन इंजिनाच्या खोलीत डोकावतो आणि एकेक वस्तू मोजतो. कंपनीने दिलेलं इंजेक्शन आहे? ईजीआर व्हॉल्व, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप, आहे आणि चालतो? टाकीतली वाफ पकडणारा कोळशाचा डबा आहे, नळ्या जोडलेल्या आहेत? धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असायला हवा तिथे आहे? इग्निशनचं टायमिंग ठरल्याप्रमाणे आहे? पेट्रोलच्या झाकणातून दाब गळतो का? १९७६ ते १९९५च्या गाड्यांच्या टाकीत हलका दाब भरून गळतीही तपासतात.

यातलं एक जरी नापास, तरी गाडी नापास. धूर कितीही स्वच्छ असो.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे १९७८ची फोक्सवॅगन बस होती, ऑरेगनहून आणलेली. रोलरवर तिचे तिन्ही आकडे मर्यादेच्या खूप आत होते. तरी कागद हातात आला तो 'फेल'चा. कारण? टाकीकडून इंजिनाकडे येणाऱ्या वाफेच्या नळीच्या तोंडात आधीच्या कुणा मालकाने एक बोल्ट घुसवून वर क्लॅम्प आवळला होता. काळ्या नळीत काळा पडलेला बोल्ट, मला दोन वर्षांत दिसला नव्हता. तपासनिसाने टॉर्च मारून तीस सेकंदांत दाखवला. मूळचा कोळशाचा डबा शोधायला मला चार महिने लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तर तुमची बीटल. १९७५ पासून अमेरिकेत विकलेल्या बीटलना बॉशचं इंजेक्शन असे, आणि मागच्या झाकणावर तसं नाव लिहिलेलं असे: 'फ्युएल इंजेक्शन'. तुमच्या झाकणावर ती अक्षरं अजून असतील तर बघा. बाहेर इंजेक्शनचं नाव आणि झाकण उघडल्यावर आत कार्बुरेटर, हे कॅलिफोर्नियाचा तपासनीस पहिल्या क्षणाला ओळखतो. तिथे गाडी रोलरवर चढायच्या आधीच निकाल लागलेला असतो. तुमच्या यजमानांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. त्या काळी त्या इंजेक्शनचा जाणकार मेकॅनिक मिळणं अवघड होतं, तारांचे जोड गंजायचे, गाडी बंद पडायची, आणि कार्बुरेटर घरच्या ड्राइव्हवेत बसून पाना आणि स्क्रूड्रायव्हरने जुळवता यायचा. हजारोंनी तेच केलं.

खोकी उघडताना मोबाइल जवळ ठेवा आणि एकेका वस्तूचा फोटो काढत जा. काय काय असायला हवं ते सांगतो.

सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे एअर फ्लो मीटर. अॅल्युमिनियमची साधारण चौकोनी पेटी, एका बाजूला काळं प्लास्टिकचं झाकण, आत एक पत्र्याची झडप. ती झडप बोटाने हलकेच आत ढकला. ती अडखळता, खरखरता न जाता एकसारखी सरकली पाहिजे आणि बोट काढल्यावर स्प्रिंगने आपोआप परत आली पाहिजे. इंजिनात किती हवा गेली हे ही झडप सांगते आणि त्यावरून किती पेट्रोल उडवायचं ते ठरतं. काळं झाकण उचकटून आत बघू नका, ते कारखान्यात जुळवून बंद केलेलं असतं.

दुसरा भाग संगणकाची पेटी, पत्र्याची, चपटी, एका टोकाला लांबच लांब जोडणी असलेली. मग चार इंजेक्टर, ते ज्याच्यात बसतात ते हवेचे नळ आणि मधली पेटी, पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर, थंड इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणारा व्हॉल्व, तापमानाचे सेन्सर, जोड-रिले, विजेवर चालणारा पेट्रोल पंप. आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग. कार्बुरेटर बसवताना बरेच जण तोही बदलतात आणि व्हॅक्यूमची बशी नसलेला साधा डिस्ट्रिब्युटर लावतात. मूळचा, बाजूला गोल बशी असलेला, खोक्यात आहे का पाहा.

यात मला खरी काळजी आहे ती तारांच्या जुडग्याची, म्हणजे हार्नेसची. बाकी भाग जुने, दुरुस्त केलेले मिळतात. हार्नेस कुणी पक्कडने मधेच कापलेला असेल तर ते काम दुप्पट होतं. तुमचे यजमान नाव घालून खोकी ठेवणारे होते, त्यामुळे त्यांनी जोड सोडवून सबंध हार्नेस गुंडाळून ठेवला असेल असं मला वाटतं. तो कदाचित खोक्यात नसून अजून गाडीतच, मागच्या सीटच्या आसपास दुमडून ठेवलेला असेल. तिथेही बघून घ्या.

आणखी एक फोटो: इंजिनाच्या खोलीत धुराच्या नियमांचं एक स्टिकर असतं. गाडी कॅलिफोर्निया सोडून बाकी ४९ राज्यांसाठी बनली होती की कॅलिफोर्नियासाठीही, तिच्यात कॅटॅलिस्ट आणि ईजीआर होतं की नाही, टायमिंग किती ठेवायचं, हे सगळं त्याच्यावर असतं. '४९ राज्यांची गाडी कॅलिफोर्नियात चालत नाही' असं कुणी सांगितलं तर ते तुम्हाला लागू नाही. ती अट ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेल्या, जवळजवळ नव्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाडीला ती ज्या सामानासह जन्मली तेच सामान लागेल, त्याहून जास्त काही नाही.

सामान पूर्ण निघालं, किंवा एखाददुसरा भाग सोडून निघालं, तर माझं म्हणणं असं की इंजेक्शन परत बसवण्याचं काम तुम्ही ह्यूस्टनमध्येच करून घ्या. तिथे गाडी कायदेशीर नोंदलेली आहे, घड्याळ लागलेलं नाही, मेकॅनिककडे दोन महिने राहिली तरी चालेल. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर वीस दिवसांत नोंदणीसाठी जावं लागतं. हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगनचा जाणकार शोधा, पण 'बीटल येते का' एवढंच विचारू नका. 'एल-जेट्रॉनिक येतं का' असं विचारा, बॉशच्या या इंजेक्शनचं ते नाव. बीटल येणाऱ्यांतले बरेचसे फक्त कार्बुरेटरवाले असतात आणि तुमचं इंजेक्शनचं खोकं बघून तेच म्हणतील, 'कशाला हे झंझट!' अशा माणसाकडे गाडी सोडू नका.

त्या मेकॅनिकला एक गोष्ट मात्र निक्षून सांगा, आणि ही पासिंगपेक्षाही महत्त्वाची आहे: पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, इंजेक्शनच्या दर्जाच्या. कार्बुरेटरच्या गाडीत पेट्रोलला दाब अगदी कमी असतो. इंजेक्शनमध्ये तो सुमारे अडीच बार असतो. कार्बुरेटरच्या वेळी घातलेल्या जुन्या नळ्या तशाच ठेवून इंजेक्शन जोडलं तर चीर पडलेल्या नळीतून पेट्रोलची चिळकांडी तापल्या इंजिनावर उडते. या गाड्यांच्या इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. एकदा पेटलं की विझवणं कठीण. या गाड्या आगीत जातात त्या बहुतेक जुन्या नळीपायी. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत, पेट्रोल परत टाकीकडे नेणारी नळीसुद्धा, सगळं बदला. ती परतीची वाट कार्बुरेटर बसवताना बंद केलेली असते, ती उघडायला मेकॅनिक विसरतो. त्याच वेळी टाकीवरच्या वाफेच्या नळ्याही तपासा. दाबाच्या चाचणीत गाड्या नापास होतात त्या तिथेच.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल आणि स्टिकर सांगत असेल की हवा, तर तो मात्र टेक्सासात मिळेल तो घेऊ नका. बाजारात मिळणारा बदली कन्व्हर्टर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने मान्य केलेला लागतो आणि त्याच्यावर तो मान्यतेचा क्रमांक, ज्याला सगळे 'ईओ नंबर' म्हणतात, कोरलेला असतो. बाकीच्या बाहेरच्या भागांनाही हेच. मूळ कंपनीच्या धर्तीचा जुना भाग चालतो, 'सुधारित' म्हणून विकलेला चमकदार भाग क्रमांकाशिवाय चालत नाही. जुना वापरलेला कन्व्हर्टर भंगारातून आणून बसवणं तर तिथे बेकायदा आहे.

आता संग्राहकांसाठीचा एक मार्ग आहे, तो तुम्हाला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. गाडी किमान पस्तीस वर्षांची असेल आणि तिचा विमा संग्राहकाची गाडी म्हणून उतरवला असेल, तर स्मॉग चेक रेफरीकडे तिची छोटी तपासणी होऊ शकते. रेफरी म्हणजे राज्याने नेमलेले तटस्थ तपासनीस, त्यांची केंद्रं कम्युनिटी कॉलेजांमध्ये असतात, वेळ ठरवून जावं लागतं. तिथे झाकण उघडून सामान मोजत नाहीत. सायलेन्सरचे आकडे, पेट्रोलचं झाकण आणि पेट्रोल कुठे गळतंय का, एवढंच बघतात. ऐकायला वाटतं की चला, कार्बुरेटर तसाच ठेवू. पण आकडे १९७९च्या गाडीचेच लावतात. इंजेक्शन आणि कॅटॅलिस्ट धरून ठरवलेली मर्यादा ड्राइव्हवेत जुळवलेल्या कार्बुरेटरने गाठणं फार अवघड. शिवाय कायद्यात संग्राहकाची गाडी म्हणजे मुख्यतः प्रदर्शनं, मिरवणुका, जतन यांसाठी वापरलेली गाडी. ये-जा करण्यासाठी मुख्यतः वापरलेली नव्हे. तुम्ही दर रविवारी भाजीला जाणार म्हणता. विम्याच्या अर्जावर एक लिहायचं आणि वापरायचं दुसरं, असं करू नका ताई. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

इंजेक्शन परत बसवलं पण एखादा छोटा भाग कुठेच मिळाला नाही, तर मात्र रेफरीशी बोला. अशा अडचणींसाठीच ते आहेत.

आणि दोन गोष्टी मुळीच करू नका. टेक्सासातल्या कुणा ओळखीच्या पत्त्यावर नोंदणी ठेवून गाडी फ्रीमाँटमध्ये चालवणं, आणि 'पैसे दिले की पास करतो' म्हणणाऱ्याकडे जाणं. दोन्ही गोष्टी लोक तुम्हाला अगदी सहज सुचवतील. दोन्ही गुन्हे आहेत.

कागदांकडे वळतो. गाडी अजून यजमानांच्या नावावर असेल तर कॅलिफोर्नियाला निघण्यापूर्वी टेक्सासमध्येच ती तुमच्या नावावर करून घ्या. वारसांसाठी तिथे साधं प्रतिज्ञापत्र असतं, काउंटीच्या कर कार्यालयात काम होतं. हे मागे ठेवून आलात तर डीएमव्हीच्या (कॅलिफोर्नियाच्या वाहन नोंदणी खात्याच्या) काउंटरवर दोन राज्यांच्या मधोमध लटकाल. नव्या नावाचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात आलं की बाकीचं सरळ आहे: अर्ज, टायटल, गाडीवरचा क्रमांक कुणी अधिकृत माणसाने प्रत्यक्ष बघितल्याचा कागद, आणि स्मॉगचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही तरी वीस दिवसांच्या आत अर्ज देऊन शुल्क भरून टाका, म्हणजे दंड लागत नाही. नोंदणीचं स्टिकर मात्र प्रमाणपत्र दिल्यावरच मिळेल.

गाडी आणायची ती ट्रकवर चढवून आणा, शक्य असेल तर बंद ट्रकमधून. ह्यूस्टन ते बे एरिया सुमारे १,९०० मैल. ऑगस्टमध्ये वाळवंटातून, नुकतंच उघडून जोडलेलं इंजिन घेऊन, एकटीने, नाही. तुमची गाडी ओस्नाब्र्युकच्या कार्मान कारखान्यातल्या शेवटच्या काही बीटलपैकी आहे. ते मॉडेल तिथे १० जानेवारी १९८० रोजी बंद झालं. तिला या प्रवासाची शिक्षा नको.

फ्रीमाँटला आल्यावर आधी जुन्या गाड्या घेणारं केंद्र शोधा. सगळी घेत नाहीत. बऱ्याच जणांनी रोलरचं मशीन काढून टाकलंय आणि ते फक्त २००० आणि त्यानंतरच्या, संगणक जोडून तपासता येणाऱ्या गाड्या करतात. फोनवरच '१९७९, रोलर आहे का' विचारा. मग आधी प्री-टेस्ट करायला सांगा. तीच चाचणी, पण निकाल अधिकृत नोंदीत जात नाही. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने दिसतील: कमाल मर्यादा, अशा गाड्यांची सरासरी, आणि तुमचा आकडा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. नायट्रिक ऑक्साइड जास्त आणि बाकी कमी, म्हणजे मिश्रण पातळ आहे, कुठून तरी चोरून हवा येतेय, किंवा ईजीआर झोपलाय. या इंजेक्शनला चोरटी हवा मुळीच चालत नाही. बीटलमध्ये तेल भरायच्या झाकणाचं रबर कडक झालं तरी आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं, बिघडतं, मिश्रण बिघडतं. दहा मिनिटांची ही तपासणी मेकॅनिक अनेकदा सगळ्यात शेवटी करतो. तुम्ही आधी करायला लावा.

चाचणीच्या दिवशी नवं तेल असू द्या आणि केंद्रावर जाण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटं गाडी चांगली चालवा. थंड इंजिन घेऊन जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आणि खोक्यांत निम्मंच निघालं, हार्नेस कापलेला निघाला, मीटरची झडप अडकलेली निघाली, तर? तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मग गाडी टेक्सासमध्ये विकणंच शहाणपणाचं. तिथे ती जशी आहे तशी कायदेशीर आहे. घेणाऱ्याला कार्बुरेटरचं खरं सांगा, खोकीही त्यालाच द्या. तुमच्या मनात बीटलच असेल तर कॅलिफोर्नियात १९७४ किंवा त्याआधीची शोधा. तिला स्मॉग चेकच लागत नाही, आणि तिच्यात कार्बुरेटर मुळातच कंपनीचा असतो. ती तुमच्या यजमानांची गाडी नसेल, हे मला कळतं. म्हणूनच आधी खोकी उघडायची.

शनिवारच्या आत ती उघडा. एअर फ्लो मीटर, संगणकाची पेटी, हार्नेसची दोन्ही टोकं आणि इंजिनाच्या खोलीतलं स्टिकर, एवढे चार फोटो मला पाठवा. खोक्याच्या तळाशी कागद, वही, हाताने काढलेली आकृती असं काही सापडलं तर तेही पाठवा. सामान सोडवताना कुठली नळी कुठे जात होती हे असा माणूस बहुधा लिहून ठेवतो.